महामंदीपासून आजपर्यंत अमेरिकेतला वंशभेद: नेमकं काय बदललं?

वाचनकट्टा_तासगाव:
वाचनालयाच्या अभ्यासमंडळात या विषयावर 40 मिनिटं बोलायचंय. समोर शेतकरी आणि निवृत्त शिक्षक. 1930 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात गरिबांसाठी एवढ्या योजना निघाल्या, 1964 ला नागरी हक्क कायदाही झाला. तरी आज कृष्णवर्णीय कुटुंबाकडे इतकी कमी मालमत्ता का? नुसतं 'मानसिकता' म्हणून सुटायचं नाहीये. व्यवहारात हे कसं चालायचं ते सांगा.

कृष्णाकाठचा_मास्तर:
कापसापासून सुरुवात करा. भाव चढावेत म्हणून 1933 च्या शेती कायद्याने पीक कमी करायला पैसे दिले. त्या वर्षी उभा कापूस नांगरून टाकला. पैसे गेले जमीनमालकाकडे. वाटेकऱ्याचा हिस्सा त्याला देणं अपेक्षित होतं, पण देणारा मालकच. सात-बारा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसरा असला की अनुदान कुणाच्या खात्यात पडतं, हे तासगावात वेगळं सांगायला नको. पेराच कमी तर वाटेकरी कशाला? कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर काढली. त्यात गोरेही होते. पण कृष्णवर्णीयाला दाद मागायला जागा नव्हती: मतदान-कर आणि साक्षरता चाचणीमुळे मतदार यादीत नाव नाही, ज्युरीत कुणी नाही. त्यात बी, पीठ, मीठ मालकाच्या दुकानातून उधार आणि हिशेब त्याच्याच वहीत. ऊसतोडीची उचल कशी फिरत राहते, तसंच.

मग 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा घ्या. त्यात वंशाचा शब्दही नाही. फक्त शेतमजूर आणि घरकामगार वगळले. तेव्हा तीनपैकी जवळपास दोन कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. 1938 च्या किमान वेतन कायद्यातही तेच. सामाजिक सुरक्षेची, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनची, दारं 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्यांनी उघडली. पण पेन्शन भरलेल्या वर्षांवर ठरते, त्यामुळे उशिरा आत आलेल्याचं नुकसान भरून निघत नाही.

दस्तलेखक_मिरज:
घराचा मुद्दा सोडू नका, खरी दरी तिथे पडली. आधी घरकर्ज म्हणजे निम्मी रक्कम रोख आणि बाकी तीन ते पाच वर्षांत. 1934 नंतर सरकारी विमा असलेलं कर्ज आलं: पाचवा हिस्सा भरा, उरलेले 20 वर्षांच्या हप्त्यांत. सरकारने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, लाल भाग धोक्याचा. कृष्णवर्णीय राहतात तो बहुतेक लाल. तिथे कर्ज नाही.

मग तो माणूस घर कसं घ्यायचा? शिकागोत सर्रास 'करारावर'. आपल्याकडे साठेखत असतं, पण खरेदीखत शेवटच्या हप्त्यानंतरच, अशी कल्पना करा. दलालाने घर स्वस्तात उचलायचं, दुप्पट किमतीला द्यायचं. एक हप्ता चुकला की घर परत, भरलेले पैसेही बुडाले. मग तेच घर पुढच्याला.

कृष्णाकाठचा_मास्तर:
दस्तलेखक, एक दुरुस्ती. ते रंगीत नकाशे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी कर्जसंस्थेचे, आणि त्या संस्थेने कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जं दिली होती. दार बंद केलं ते विमा देणाऱ्या फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. 'ही जागा अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही' अशी अट दस्तात घालावी, असं तिच्या मार्गदर्शिकेतच होतं. 1948 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कोर्टं अशी अट बजावणार नाहीत. घर विकण्या-भाड्याने देण्यातल्या भेदभावावर बंदी यायला मात्र 1968 उजाडलं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

वाचनकट्टा_तासगाव:
साठेखताचं उदाहरण चपखल आहे. पण बदललंच नाही काही, असं ऐकणाऱ्यांना वाटेल ना?

हळदपेठ_सांगली:
वाटू देऊ नका, ते खोटं ठरेल. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत आंतरवंशीय लग्नाला मान्यता 1958 ला 4 टक्के, 2021 ला 94 टक्के. वेगळ्या शाळा, वेगळे नळ, रेल्वेचे वेगळे डबे कायद्याने गेले. 1965 च्या मतदान कायद्याने दक्षिणेतल्या याद्या उघडल्या. 2013 च्या निकालाने त्यातली, मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घेण्याची अट मात्र निकामी झाली. झुंडहत्येविरुद्ध केंद्राचा कायदा 1930 च्या दशकात सिनेटमध्ये भाषणं लांबवून अडवला गेला, तो झाला 2022 ला! दृष्टिकोन पळाला, मालमत्ता जागीच. 2022 च्या फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे क्रमाने लावली तर बरोबर मधल्या कुटुंबाची) सुमारे 2,85,000 डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 45,000. फळ्यावर 'मध्यक' असंच लिहा. सरासरी लिहिलीत तर अब्जाधीश घुसतात आणि आकडा भलताच होतो.

आणि 1986 चा अमली पदार्थ कायदा. 5 ग्रॅम क्रॅक (कोकेनचेच खडे) आणि 500 ग्रॅम कोकेन पावडर, शिक्षा सारखीच किमान पाच वर्षं. क्रॅकमध्ये पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय. 2010 ला प्रमाण 100 वरून 18 वर आणलं. 1935 सारखंच, शब्दांत वंश नाही.

दस्तलेखक_मिरज:
मास्तर, दुरुस्ती मान्य.

श्रोत्यांत कुणाचा तरी मुलगा न्यू जर्सीत असणारच, त्यामुळे 'आपल्या लोकांचं काय?' हा प्रश्न नक्की येईल. 1923 ला भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. ते 1946 ला खुलं झालं, तेही वर्षाला फक्त 100 भारतीयांच्या कोट्यासह. मोठ्या संख्येने जाणं सुरू झालं 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि तो ज्या वातावरणात मंजूर झाला ते कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाने तयार केलेलं होतं. हे बोलायला पाच मिनिटं शिल्लक ठेवा.