मदत हवी आहे : दाखल्यावर 25 टक्के आलेत, आता काय करायचं?

अडलाहरी
फार लिहीत बसत नाही, वेळ नाही. मुलाचा दाखला आला, त्यावर 25 टक्के. शाळेच्या फॉर्मला 40 लागतात. सिव्हिलला विचारलं तर म्हणे ऑनलाइन झालंय, आता आमच्या हातात नाही. चार बुधवार दुकान बंद ठेवून गेलोय. टक्के वाढवून घ्यायचा काही मार्ग आहे का? लगेच सांगा. एजंटचे नंबर नकोत, ते गेटवरच उभे असतात.

मोगरा77
25 टक्के म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, आरटीईचा खासगी शाळांतला कोटा ना? त्याला दाखला कशाला, लॉटरी लागली की मेसेज येतो. घरापासून शाळेचं अंतर नीट टाका, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी घेतात. आमच्या वेळी नकाशावर बोट चुकीच्या जागी टेकलं आणि सगळं हुकलं.

अडलाहरी
नाही हो. दिव्यांगाचा दाखला. आरटीईच्या फॉर्मलाच जोडायचाय, पण हे 25 वेगळे.

कट्ट्यावरचा
कसलं दिव्यांगत्व? वय काय? जिल्हा कुठला? एवढं तरी लिहा. आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का?

अडलाहरी
ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. सहा वर्षं पूर्ण. जिल्हा मराठवाड्यातला, नाव लिहीत नाही, त्याच लोकांकडे बुधवारी परत जायचंय.

सडेतोड
"टक्के वाढवून घ्यायचा मार्ग" हे वाचूनच डोकं फिरलं. असल्या बोगस दाखल्यांमुळेच खऱ्या दिव्यांगांना चार वेळा तपासणीला उभं करतात. डॉक्टरांनी 25 दिले म्हणजे 25.

शेवग्याची शेंग
सडेतोड, सहा वर्षांच्या पोराचा बाप आहे तो, नोकरीतलं आरक्षण लाटायला आलेला नाही. जरा दमानं घ्या.

घरचा वैद्य
मोबाइल बंद करा. सहा महिने. माझ्या मेव्हण्याचा मुलगा तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हता, टीव्हीची केबल कापली आणि बोलायला लागला. गहू आणि दूधही बंद करून बघा. पुण्यात स्टेम सेलही करतात, खर्चिक आहे पण लोकांना गुण आलेला आहे.

विशेषताई
घरचा वैद्य, स्टेम सेलचं इथे लिहू नका. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच सांगितलंय. लोक शेत गहाण टाकून जातात हो.

अडलाहरी, मी सतरा वर्षं विशेष शिक्षिका आहे. तुमचा 25 हा आकडाच चुगली करतोय. ऑटिझमचे टक्के 'इसा' नावाच्या मोजपट्टीवर ठरतात. त्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली आले तर ऑटिझम नाही. 70 ते 106 सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि नेमके 70 आले तरी 40 टक्के धरतात. म्हणजे इसा झाली असेल तर एक तर काहीच नाही, नाही तर 40 आणि पुढे. 25 त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. 25 येतात ते बौद्धिक दिव्यांगत्वाच्या तक्त्यातून, मूल सीमारेषेवरचं निघालं तर. दाखल्यावर 'प्रकार' या शब्दापुढे काय लिहिलंय ते आधी बघा. आणि तपासणीत नेमकं काय केलं?

टेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये टक्के-बिक्के भानगडच नाही. 2014 च्या कायद्याप्रमाणे मुलाची गरज काय त्यावर योजना बनते आणि अर्जापासून 20 आठवड्यांत ती हातात द्यावी लागते. टक्क्यांत माणूस मोजायचा हीच मुळात चुकीची पद्धत. आपल्याकडे यासाठी पालकांनी एकत्र येऊन...

कट्ट्यावरचा
त्यांचा जिल्हा अजून इंग्लंडला जोडलेला नाही.

टेम्सकाठी
चेष्टा करा. तसं इथेही 20 आठवडे कागदावरच राहतात, आमच्या शेजारणीला वर्ष उलटून गेलं. पण निदान भांडायला तारीख तरी असते.

अडलाहरी
दाखला काढून बघितला. प्रकार : बौद्धिक दिव्यांगत्व. ऑटिझम हा शब्द कुठेच नाही. मी नुसते टक्केच बघत बसलो होतो. तपासणीत ठोकळे बसवायला दिले, चित्रं दाखवून नावं विचारली, वीस मिनिटांत बाहेर. आम्हाला काहीच विचारलं नाही. ठोकळे त्याने पटापट बसवले, त्यातच तो हुशार आहे.

विशेषताई
मग झालं तर. बुद्धी मोजली, ऑटिझम मोजलाच नाही. इसामध्ये आईवडिलांना विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. नजर देतो का, एकच शब्द घोळवतो का, मिक्सरच्या आवाजाला कान झाकतो का, दुखलं तर सांगतो का. टक्के "वाढवायचे" नाहीत, प्रकारच चुकलाय. बुधवारी जाऊन "टक्के कमी आले" असं म्हणू नका, ते ऐकून त्यांचे कान किटलेत. लेखी अर्ज द्या की ऑटिझमचं मूल्यमापन इसावर करून मिळावं. निदान कुणी केलंय? त्याचा कागद आहे?

अडलाहरी
हो, लातूरला बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलाय. तो नेलाच नव्हता, मला वाटलं सिव्हिलवाले स्वतःच बघतील.

सडेतोड
हे आधी लिहिलं असतं तर मी तसं बोललो नसतो. तरी "वाढवून घ्यायचा" हा शब्द चुकीचाच होता.

शेवग्याची शेंग
सॉरी म्हणायला तुमचं काय जातं?

बॅटरीडाऊन
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, या सगळ्यातून गेलेय. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या, त्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद लागली नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 खाली अपील आहे. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार पाठवा, एक प्रत सिव्हिल सर्जनना. पुढे काही नाही झालं तरी खाली फाइल हलते. दिव्यांगाचं ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड, आलं असेल तर त्यावर पांढरी पट्टी असेल बघा. 40 च्या खाली पांढरी, 40 ते 79 पिवळी, 80 पासून पुढे निळी. आमच्या घरात भांडण झालं की मुलगी म्हणते, बाबांना निळं कार्ड द्या.

मोगरा77
इन्कम टॅक्समध्येही सूट आहे ना? 75 हजार वजा होतात, 80 टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या पद्धतीने रिटर्न भरलं तर. ऑटिझमला वेगळा फॉर्म लागतो, आमच्या सीएला माहीतच नव्हता.

अडलाहरी
माझा टॅक्स लागतच नाही.

घरचा वैद्य
केबलचं मनावर घ्या.

शेवग्याची शेंग
दाखल्याचं होईल तेव्हा होईल, थेरपीचं काय चाललंय? सिव्हिलच्याच आवारात डीईआयसी, म्हणजे अशा मुलांच्या तपासणीचं आणि थेरपीचं सरकारी केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. 18 वर्षांपर्यंत स्पीच, ऑक्युपेशनल सगळं फुकट.

अडलाहरी
आहे. पाटी छान आहे, भिंतीवर जिराफ काढलाय. स्पीच थेरपिस्टची जागा दीड वर्ष रिकामी. फिजिओ आहेत, भले माणूस आहेत, पण पोराचे हातपाय ठणठणीत आहेत. म्हणून 70 किलोमीटरवर खासगीत नेतो, आठवड्यातून एकदा. 600 फी, एसटी वेगळी, अख्खा दिवस वेगळा. एक दिवसाने काय होतं, असं थेरपिस्ट स्वतःच म्हणतात.

बॅटरीडाऊन
दाखला नीट झाला की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा घ्या. वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात, नोंदणी 500 रुपयांत. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवायची. बिलावर थेरपिस्टचा पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक आधीच घालून घ्या, नंतर धावाधाव नको. तुमच्या नगरपालिकेच्या नाही तर ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात, तेही विचारा. आमच्याकडे त्यातून सगळ्यांना सरसकट घड्याळं वाटली होती. माझ्या मुलीला वेळ कळत नाही.

कट्ट्यावरचा
घड्याळं! आमच्या ग्रामपंचायतीने व्हीलचेअर आणल्या. गावात चालता न येणारे दोनच, खुर्च्या नऊ. सरपंचांच्या ओसरीवर आहेत, पाहुणे बसतात.

अडलाहरी
बुधवारी जाऊन आलो. लातूरचा कागद दाखवला, अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, असं आधी सांगायचं ना. इसा करणाऱ्या मॅडम दोन जिल्हे सांभाळतात, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी येणार. फॉर्मची मुदत या शनिवारी संपतेय.

विशेषताई
मग कोट्याच्या मागे धावू नका या वर्षी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घाला, आजच. तिथे दाखला नाही म्हणून कुणी नाही म्हणू शकत नाही. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांचा शाळेत येण्याचा वार विचारून घ्या. ते किती शाळा सांभाळतात ते मात्र विचारू नका.

सडेतोड
झेडपीत अशा मुलांकडे कोण बघणार? विशेष शाळाच बरी.

विशेषताई
तालुक्याला विशेष शाळा कुठे आहे ते सांगा, मीच घेऊन जाते.

अडलाहरी
झेडपीच्या बाई रिचार्जला येतात दुकानात. विचारतो संध्याकाळी.

पाहुणी_04
नवीन आहे, चुकीच्या धाग्यावर असेल तर सॉरी. माझ्या भाच्याच्या दाखल्यावर पण 25 च आलेत. तो तक्ता कुठे मिळेल?