मदत हवी आहे: गोवर बरा झाला, पण मुलगा सारखा आजारी. आधीच्या लसी वाया गेल्या का?

रानजाई:
मुलाला गोवर येऊन गेला. ताप उतरला, पुरळ गेलं, सगळे म्हणाले सुटलात. तेव्हापासून आधी कान फुटला, मग जुलाब, आता खोकला जातच नाही. गोवराचा विषाणू शरीराची जुन्या रोगांची ओळख पुसून टाकतो असं वाचलं. खरं आहे का? असेल तर सगळ्या लसी पहिल्यापासून द्यायच्या का? आमचे डॉक्टर नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणतात. लवकर सांगा, सोमवारपासून बालवाडी आहे.

तळेगावकर:
वय किती? गोवर कधी आला? लस झाली होती का? वजन घटलंय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कोणी काय सांगणार?

निशिगंध:
गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्या लहानपणी गोवर आला की उशाशी कडुलिंबाचा पाला असायचा, बाकी काही नाही. आणि एकदा गोवर येऊन गेला की जन्माची काळजी मिटते, हे लक्षात घ्या.

कवडसा:
गोवरच होता हे कशावरून? आपल्याकडे कुठल्याही पुरळाला गोवर म्हणतात. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे असतात. मग कानामागून, केसांच्या कडेने लाल पुरळ सुरू होऊन खाली उतरतं. पाण्याचे फोड असतील तर त्या कांजिण्या. गोवराचा ताजा संसर्ग दाखवणारी रक्ताची आयजीएम तपासणी झाली का?

रानजाई:
झाली, आरोग्य केंद्रानेच रक्त नेलं होतं, पॉझिटिव्ह आली. वय चार. नऊ महिन्यांचा डोस झालाय, दुसरा नाही, तेव्हा आम्ही गावी होतो. गोवर जाऊन दोन महिने झाले. नंतरचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल आहे. पण माझा प्रश्न लसी परत द्यायच्या का हा आहे.

पाऊलवाट:
माझ्या सासऱ्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, सत्तरीत नागीण उठली. डॉक्टर म्हणाले विषाणू नसांमध्ये दबा धरून असतो. पन्नाशीनंतर नागिणीची लस मिळते, घरातल्या मोठ्यांना जरूर द्या.

तळेगावकर:
पाऊलवाट, ते कांजिण्यांचं. इथे गोवराचं चाललंय.

सूक्ष्मदर्शी:
मी विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, बालरोगतज्ज्ञ नाही. तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

बहुतेक विषाणू प्रतिकार करणाऱ्या पेशींना चुकवायला बघतात. गोवराचा विषाणू त्यांच्यातच वाढतो. पेशीत शिरायला त्याला स्लॅम नावाचं प्रथिन लागतं, २००० साली जपानी संशोधकांनी ते ओळखलं. हे प्रथिन स्मृती टी पेशी आणि बी पेशींवर भरपूर असतं, म्हणजे आधीचे आजार आणि लसी लक्षात ठेवणाऱ्या पेशींवर. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक या पहारेकरी पेशी विषाणूला लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे या स्मृती पेशी मोठ्या संख्येने मरतात. पेशींचा आकडा थोड्याच दिवसांत भरून येतो, म्हणून तुमचा सीबीसी नॉर्मल आला. पण भरून येणाऱ्यांत गोवराविरुद्धच्या नव्या पेशी खूप असतात. गेलेली ओळख सीबीसीत दिसत नाही.

नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं होतं, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मुलांच्या प्रतिपिंडांच्या (जंतू ओळखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या) साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

निशिगंध:
म्हणजे आमची अख्खी पिढी आठवण पुसलेली का? आम्ही तर ठणठणीत आहोत.

सूक्ष्मदर्शी:
गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते, हे तुमचं बरोबर आहे. बाकीच्यांविरुद्धची मात्र पुन्हा कमवावी लागते. इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कची जुनी आकडेवारी तपासली तेव्हा गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यू वाढलेले दिसले. ती मुलं आज इथे लिहायला नाहीत. गुळवेल हरवलेल्या पेशी परत आणत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला काढे पाजू नका.

कवडसा:
व्हिटॅमिन ए दिलं होतं का? २०२२ मध्ये गोवंडीत साथ आली तेव्हा आम्ही घरोघर फिरत होतो, पहिला प्रश्न हाच असायचा. वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. आता स्वतःहून देऊ नका, जास्त झालं तर अपाय होतो.

आणि लसी परत द्यायच्याच. माझ्या मते सगळ्या.

सूक्ष्मदर्शी:
कवडसा, सरसकट सगळ्या परत देण्याची शिफारस नाही. राहिलेल्या आधी पुऱ्या करायच्या. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) दुसरा डोस रुबेलासाठीही लागतो, आणि पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर तसाही जवळ आलाय. त्यापलीकडे काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांनी कार्ड बघून ठरवावं.

तळेगावकर:
खोकला जात नाहीये आणि सगळे लसींवर बोलताय. रानजाई, घरात कोणाला टीबी आहे का?

रानजाई:
सासूबाईंना आहे, औषध चालू आहे. पण त्याचा काही संबंध नाही. गोवरानंतर दोन आठवड्यांतच त्यांचं निदान झालं तेव्हा मुलाची मॉन्टू टेस्ट (टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती) केली होती, निगेटिव्ह आली. व्हिटॅमिन ए दोन्ही दिवस दिलं होतं.

सूक्ष्मदर्शी:
संबंध आहे. त्या टेस्टमध्ये हातावर गाठ उठते ती टी पेशींमुळे. गोवरात त्याच पेशी लुळ्या पडतात आणि क्षयाचा जंतू अंगात असूनही टेस्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी हे १९०८ मध्येच नोंदवलं. त्या वेळच्या निगेटिव्हवर विसंबू नका. टेस्ट गोवरानंतर लगेच झाली हे डॉक्टरांना माहीत आहे का?

रानजाई:
टेस्ट दुसऱ्या दवाखान्यात झाली होती. त्यांनी गोवराबद्दल विचारलं नव्हतं. वजन आता केलं, दीड किलोने कमी आहे.

तळेगावकर:
मग बालवाडी राहू द्या. उद्याच न्या आणि तीन गोष्टी एकत्र सांगा: गोवर कधी झाला, टेस्ट कधी केली, आजीला टीबी आहे. टीबी नाही निघाला तरी पाच वर्षांखालच्या मुलाला घरात रुग्ण असताना प्रतिबंधक औषध देतात, ते विचारा. सरकारी केंद्रात मोफत मिळतं.

रानजाई:
सकाळीच जातो. एक्स-रेला उपाशी न्यावं लागतं का?

कवडसा:
एक्स-रेला नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून कधी पोटातलं पाणी नळीने काढून तपासतात, त्याला उपाशीपोटी लागतं. निघण्याआधी फोन करून विचारून घ्या.