बीडीएस भारतातलं, अमेरिकेत हायजिनिस्टचं (दातांची सफाई करणाऱ्याचं) लायसन्स मिळेल का? फ्लोरिडाबद्दल कोणाला माहिती आहे?

टॅम्पावाली_सांगलीकर
नमस्कार मंडळी. माझं बीडीएस नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं, पुण्यात काही वर्षं क्लिनिकमध्ये काम केलं, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे टॅम्पाला आहे, एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर, आणि ईएडी म्हणजे काम करायची परवानगी नुकतीच आलीय. परत डेंटिस्ट व्हायचं तर आयएनबीडीई ही डेंटिस्टची राष्ट्रीय परीक्षा द्या, मग कॅपिड या अर्जाच्या पोर्टलमधून अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला (परदेशी डेंटिस्टना वरच्या वर्षात प्रवेश) अर्ज, मग दोन-तीन वर्षं कॉलेज, आणि ती फी! मुलगी अजून लहान आहे, सध्या तरी जमणार नाही. इथे कोणीतरी म्हणालं की फ्लोरिडात बाहेरच्या डेंटिस्टला कॉलेज न करता हायजिनिस्ट होता येतं. खरंय का हे? आणि सुरुवात कुठून करायची? हातात स्केलर (दात साफ करायचं हत्यार) धरून खूप दिवस झाले, खूप चुकल्यासारखं वाटतंय.

ऑरलँडो_पेरिओ
खरंय. मी याच रस्त्याने आले. बहुतेक राज्यांत कोडाची (अमेरिकेतल्या डेंटल कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेला हायजीनचा कोर्सच लागतो, फ्लोरिडाच्या कायद्यात मात्र बाहेरच्या डेंटल कॉलेजच्या पदवीधरांनाही वाट ठेवलेली आहे. आधी मार्कशीट-ट्रान्सक्रिप्टचं ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन, मग एनबीडीएचई म्हणजे हायजिनिस्टची लेखी नॅशनल बोर्ड, मग अडेक्सची हायजीनची प्रत्यक्ष हातकामाची परीक्षा, आणि फ्लोरिडाच्या कायद्याचा पेपर.

नॅशनल बोर्डात ३५० प्रश्न असतात, २०० विषयवार आणि १५० केसवर. अ‍ॅनाटॉमी, फार्मा, पेरिओ आपलं झालेलं असतं, पण कम्युनिटी हेल्थ आणि रिसर्चचा भाग आपण बीडीएसला परीक्षेपुरता वाचतो, तो इथे नीट वाच. केसमध्ये एक्स-रे, चार्टिंग, मेडिकल हिस्टरी सगळं एकत्र देतात आणि प्रश्न डेंटिस्टचा नसतो, हायजिनिस्टचा असतो. आपलं डोकं लगेच आरसीटी नाहीतर क्राऊनकडे धावतं, ते आवर.

खरा कस अडेक्सला लागतो. मॅनिकिनवर कॅल्क्युलस (दातावरचा कडक थर) शोधायचा आणि काढायचा. आपल्याकडे क्लिनिकला सरसकट अल्ट्रासॉनिक चालतो, हँड इन्स्ट्रुमेंटची सवय फारशी राहत नाही, आणि इथे एक्सप्लोरर या बारीक टोकाच्या हत्याराने सबजिन्जिव्हल (हिरडीखालचा) कॅल्क्युलस बोटांना जाणवला पाहिजे. ग्रेसी क्युरेट (हाताने खरवडायचं हत्यार) ११-१२ मागच्या दातांच्या मेसिअल म्हणजे पुढच्या बाजूला, १३-१४ डिस्टल म्हणजे मागच्या बाजूला, हे पाठ असणं वेगळं आणि हात तसा फिरणं वेगळं. टायपोडॉन्ट (सरावासाठीचा दातांचा साचा) विकत घे आणि रोज बस, पुस्तकं नंतर उघडलीस तरी चालेल पण हे लांबवू नकोस.

डॅलस_मिरज
ताई, वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट आधी नवऱ्याशी बसून बोला. हे लायसन्स फ्लोरिडाचं. उद्या त्याची नोकरी टेक्सासला हलली तर इथलं, म्हणजे टेक्सासचं, बोर्ड कोडाचा हायजीन कोर्स मागतं, फ्लोरिडात कितीही काम केलं असलं तरी. एच-१ व्हिसावाल्यांच्या नोकरीचा भरवसा आपल्याला माहितीच आहे. पुढची पाच-सात वर्षं फ्लोरिडातच राहायचं नक्की असेल तर जरूर करा, नाहीतर कम्युनिटी कॉलेजचा हायजीनचा कोर्सच बरा, वेळ जातो पण कुठेही चालतो. २०२४ मध्ये एडीए या अमेरिकन डेंटिस्टांच्या संघटनेने परदेशी डेंटिस्टना हायजिनिस्ट होऊ द्यावं असा ठराव केलाय, हायजिनिस्टांच्या संघटनेने जोरदार विरोध केलाय, त्यामुळे बाकी राज्यं बदलतील या आशेवर बसू नका.

टॅम्पावाली_सांगलीकर
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. नवऱ्याची कंपनी इथलीच आहे, घरही घ्यायचं चाललंय, त्यामुळे बहुतेक फ्लोरिडाच. अजून एक, माझ्या डिग्रीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे, पासपोर्टवर नवऱ्याचं. चालेल ना?

ऑरलँडो_पेरिओ
अगं हे आधी निस्तर! परीक्षेच्या अर्जातलं नाव आणि परीक्षा केंद्रावर दाखवायच्या आयडीवरचं नाव अगदी जुळावं लागतं, नाहीतर दारातून परत पाठवतात. अर्ज पासपोर्टच्या नावाने भर आणि विवाह नोंदणीचा दाखला प्रत्येक ठिकाणी जोड. ईसीईला पण जुनं-नवं दोन्ही नाव कळव. ट्रान्सक्रिप्ट मागवायला सांगलीहून कोणी नाशिकला जाणारं असेल तर उत्तम, ईमेलवर विसंबून राहू नकोस. महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं (नोंदणी ठीक असल्याचं) सर्टिफिकेटही काढून ठेव, लागो न लागो.

लेस्टरहून
विषय अमेरिकेचा आहे पण यूकेचं कोणी वाचत असेल तर सांगते, इथे पूर्वी बाहेरच्या डेंटिस्टला जीडीसीकडे (इथल्या डेंटल कौन्सिलकडे) हायजिनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून नाव नोंदवता यायचं. ८ मार्च २०२३ पासून तो मार्ग बंद झालाय. अजूनही काही एजंट त्याच नावाखाली पैसे घेतात असं ऐकते, देऊ नका. डेंटिस्टसाठी ओआरई ही नोंदणीची परीक्षा आहे, तीच बघा.

ऑरलँडो_पेरिओ
@टॅम्पावाली आणि हो, लायसन्स आलं म्हणून लोकल अ‍ॅनेस्थेशिया देता येत नाही बरं का. आपण पुण्यात सर्रास ब्लॉक (भूल देणारं इंजेक्शन) द्यायचो, इथे हायजिनिस्टला त्यासाठी ३० तास थिअरी आणि ३० तास क्लिनिकलचा वेगळा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तोवर सिरिंजला हात लावायचा नाही, डॉक्टर कितीही म्हणाला तरी. ईएडीची तारीख बघून परीक्षांचा क्रम लाव आणि अडलीस तर मेसेज कर, माझा जुना टायपोडॉन्ट पडून आहे, टॅम्पा काही लांब नाही, घेऊन जा.