मदत हवी आहे: पदोन्नतीवर मुंबईहून नागपूरला जावे का? चौघांच्या घराचा हिशेब कसा मांडावा?

सर्वांना नमस्कार.

मी मुंबईत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करते. माझ्या पदोन्नतीचा आदेश आला आहे आणि नवी नेमणूक नागपूरला आहे. होकार किंवा नकार महिनाअखेरपर्यंत लेखी कळवायचा आहे. नकार दिला तर नियमाप्रमाणे एक वर्ष पुन्हा पदोन्नतीसाठी विचार होत नाही आणि मागून आलेले सहकारी ज्येष्ठतेत पुढे जातात, त्यामुळे पुढच्या वेळी बघू म्हणून विषय सोडून देण्याची सोय नाही. ज्यांनी मुंबई आणि नागपूर या दोन्ही शहरांत प्रत्यक्ष संसार केला आहे, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

घरात आम्ही चौघे आहोत: मी, माझे यजमान, आठवीत शिकणारी मुलगी आणि 74 वर्षांच्या सासूबाई. मुलुंड पूर्वेला आम्ही वन बीएचके घरात भाड्याने राहतो. यजमान बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात-निर्यातीचा माल सीमाशुल्कातून सोडवून देणाऱ्या फर्ममध्ये आहेत. नागपूरला जाऊन मी दोन घरे पाहून आले, एक त्रिमूर्तीनगरमध्ये आणि एक मनीषनगरमध्ये.

पैशांपासून सुरुवात करते, कारण सगळे नातेवाईक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मुलुंडच्या घराचे भाडे 36,000 रुपये आहे. नागपूरला टू बीएचके घराचे भाडे 17,000 रुपये सांगितले. म्हणजे महिन्याला 19,000 रुपये वाचले, असे सगळ्यांनी धरून टाकले आहे. पण सरकारी नोकराचा हिशेब असा सरळ बसत नाही. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून सातव्या वेतन आयोगाच्या तरतुदींप्रमाणे घरभाडे भत्ता एक्स वर्गाच्या शहरात मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि वाय वर्गाच्या शहरात 20 टक्के मिळतो. मुंबई एक्स वर्गात आहे, नागपूर वाय वर्गात. सोयीसाठी मूळ वेतन 60,000 रुपये धरले तर मुंबईत भत्ता 18,000 रुपये होतो आणि नागपूरला 12,000. भत्ता वजा करून खिशातून जाणारे भाडे मुंबईत 18,000 रुपये आणि नागपूरला 5,000 रुपये पडते. खरा फरक 13,000 रुपयांचा आहे. हीही रक्कम लहान नाही, पण त्यातून नागपूरला नव्याने येणारे खर्च भागवायचे आहेत.

त्यातला पहिला खर्च वाहनांचा. मुंबईत आमच्याकडे एकही वाहन नाही आणि त्याची उणीव कधी भासली नाही. लोकलचे कमीत कमी तिकीट आजही 5 रुपये आहे. बेस्टने मे 2025 मध्ये भाडे वाढवून साध्या बसचे कमीत कमी तिकीट 5 वरून 10 रुपये केले, तरी घरखर्चात प्रवासाची ओळ छोटीच राहिली. नागपूरला मेट्रो आहे, तिचे दोन्ही मार्ग सीताबर्डीला मिळतात, महापालिकेची ‘आपली बस’ ही सेवाही आहे. पण ज्यांच्या ज्यांच्या घरी मी गेले, त्या प्रत्येक घरी दोन किंवा तीन दुचाक्या उभ्या होत्या आणि मेट्रोने रोज जाणारे त्यांत कोणी भेटले नाही. आम्हाला किमान दोन दुचाक्या घ्याव्या लागतील, आणि सासूबाई दुचाकीवर मागे बसू शकत नाहीत, त्यामुळे पुढे चारचाकीचा विषय निघणारच.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांची वीज आहे, पण मुलुंड-भांडुप पट्ट्यात महावितरणची आहे, आणि नागपूरलाही महावितरणच आहे. त्यामुळे आमच्यासाठी दर तोच राहील, फरक पडेल तो युनिटांत. घरगुती वापराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांना बदलतात. उन्हाळ्यात कूलर आणि एसी दोन्ही चालले, तर आम्ही आतापर्यंत कधीच न ओलांडलेला टप्पा ओलांडू. गॅस मुलुंडला नळाने येतो. नागपूरच्या दोन्ही घरांत सिलिंडर आहे. किराणा, भाजी आणि कामवाल्या मावशींचा पगार यांत नागपूर स्वस्त आहे याबद्दल मला शंका नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

यजमानांच्या नोकरीचा प्रश्न मात्र मोठा आहे. क्लिअरिंगचे काम बंदर आणि कस्टम हाऊस यांच्या आसऱ्याने चालते. नागपूरला कंटेनर डेपो आहे आणि तिथेही हे काम होते, पण फर्म मोजक्या आहेत. आतापर्यंत ज्या दोन ठिकाणी बोलणे झाले, तिथे आजच्या पगाराच्या सुमारे सत्तर टक्के देऊ केले. ही घट भाड्यातल्या बचतीपेक्षा मोठी आहे. शुद्ध पैशांच्या हिशेबाने पाहिले तर माझी पदोन्नती होऊनही घरात येणारी एकूण रक्कम जवळपास होती तिथेच राहते. तरीही मी हा धागा काढते आहे, कारण उरलेल्या गोष्टी मला पैशांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. घरातून निघून कार्यालयात टेबलाशी बसेपर्यंत मला दीड तास लागतो आणि परतताना तेवढाच. सकाळी मुलुंडला लेडीज डब्यात चढायला मिळते, बसायला मिळतेच असे नाही. नागपूरचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि त्रिमूर्तीनगरहून दुचाकीने वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. रोजचे दोन तास हातात येणे म्हणजे काय, हे मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. मुलीशी तिच्या अभ्यासाबद्दल माझे बोलणे आठवड्यातून एकदा, रविवारी होते. ते रोज झाले तर तिचेही भले आहे आणि माझेही.

सासूबाईंचे गणित नेमके उलटे आहे, आणि माझा जीव तिथेच अडकला आहे. त्या मधुमेही आहेत, पण पाय चांगले आहेत आणि अजून कोणावर अवलंबून नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास त्या कापडी पिशवी घेऊन खाली उतरतात, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून मेथीची जुडी उलटीपालटी करून निवडून घेतात, वाचनालयात पुस्तक बदलतात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात, आणि संध्याकाळी बागेत त्यांच्या वयाच्या बायकांचा गट जमतो तिथे जातात. यातले काहीही घरापासून पंधरा मिनिटांच्या चालण्यापलीकडे नाही. रस्ता ओलांडायला त्रास झाला तर ओळखीचा माणूस हात देतो. नागपूरला पाहिलेल्या घरांपासून भाजीबाजार दीड किलोमीटरवर आहे आणि बँक त्याच्याही पुढे. हातगाडीवाले दारात येतात, ते खरे, पण सासूबाईंना घराबाहेर काढणारे जे निमित्त आहे ते तिथे उरणार नाही.

त्यात उन्हाळा. नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरात त्याची व्यवस्था कशी असते ते मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. मनीषनगरच्या घरात खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी चौकट ठोकलेली होती आणि तिच्यावर पत्र्याचा मोठा कूलर बसवला होता. शेजारच्या काकूंनी सांगितले की ऐन उन्हाळ्यात त्याची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, आतल्या गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलाव्या लागतात, आणि पावसाची हवा दमट झाली की कूलरचा उपयोग राहत नाही. सकाळी दहानंतर वयस्कर माणसांना आम्ही बाहेर पडू देत नाही, असे त्या अगदी सहज म्हणाल्या. मुंबईच्या घामट हवेला सासूबाई सरावलेल्या आहेत, कोरड्या झळांची त्यांना सवय नाही. हिवाळा मात्र त्यांना आवडेल, असे मला वाटते.

वैद्यकीय सोयींची काळजी मला कमी आहे. सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दवाखाने दोन्ही शहरांत आहेत, नागपूरला मिहानमध्ये एम्स आहे, आणि मोठ्या आजारासाठी आजूबाजूच्या राज्यांतूनही लोक नागपूरला येतात.

मुलीबद्दल दोन प्रश्न आहेत. अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात बारावी कुठून केली यावर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या कॉलेजांत प्राधान्य मिळते ते विद्यापीठ, ठरते, म्हणून आता हललो तर तिचे पुढचे शिक्षण नागपूरच्या बाजूला जाते. हे वाईट आहे असे नाही, पण निर्णय समजून घ्यायला हवा. दुसरा प्रश्न तिच्या हिंडण्याफिरण्याचा आहे. आज ती क्लासला आणि मैत्रिणीकडे बसने एकटी जाते. नागपूरला बहुतेक मुली स्कूटीवर दिसल्या, पण नेहमीच्या स्कूटरचा परवाना अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि परवान्याशिवाय मी तिला गाडी देणार नाही. तोपर्यंतची चार वर्षे तिला प्रत्येक ठिकाणी आमच्यापैकी कोणीतरी सोडायचे, असे होईल का?

खर्चाची तुलना करणारी संकेतस्थळे मी पाहिली. ती एका घराला एक आकडा देतात. आमच्या घरात मात्र एकाच शहरबदलाने एकीला रोजचे दोन तास मिळतात, एकाचा पगार घटतो, एकीचे फिरणे थांबते आणि एकीचे शिक्षण वेगळ्या वाटेला लागते. यांची बेरीज कशी करायची, हे मला कळत नाही, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

भर, आलेल्या प्रतिसादांनंतर: सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. काहींनी विचारले की ठाणे किंवा पुणे का नाही. नेमणुकीचे ठिकाण निवडण्याची मुभा मला नाही. काहींनी सुचवले की मी एकटीने जावे आणि घर मुलुंडला ठेवावे. याचा विचार आम्ही केला. तसे केले तर भत्ता नागपूरच्या दराने 12,000 रुपये मिळेल आणि भाडे दोन घरांचे भरावे लागेल. शिवाय विदर्भ एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीने शनिवार-रविवार गाठायचे म्हटले तरी आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि रजा मात्र ऐन वेळी मंजूर होते. मुलीच्या या वयात मला ते नको आहे. नागपूरला घर विकत घेण्याचा सल्लाही आला. मुंबईत आमच्या ऐपतीत जे कधीच बसणार नाही ते तिथे बसू शकते, हे खरे आहे, आणि बाईच्या नावे खरेदी केल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. तरीही शहर अंगवळणी पडण्याआधी घर घेऊ नये, असे माझे मत आहे.

एका ताईंनी धरमपेठ आणि लक्ष्मीनगर या जुन्या वस्त्यांचा विचार करायला सांगितले आहे, कारण तिथे बाजार, बँक आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. भाडे तिथे जास्त पडेल. पण सासूबाईंचे बाहेर पडणे टिकणार असेल, तर वाचलेल्या 13,000 रुपयांतले पाच-सहा हजार त्यासाठी मी आनंदाने खर्च करीन. या दोन वस्त्यांत सध्या टू बीएचके घर कितीला मिळते आणि तळमजल्यावरचे किंवा लिफ्टचे घर मिळणे कितपत शक्य आहे, हे कृपया कोणीतरी सांगावे.

ज्यांच्या घरचे सत्तरीपुढचे माणूस मुंबईहून नागपूरला राहायला गेले आहे, त्यांनी पहिल्या उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहावे, अशी विशेष विनंती आहे. ते सगळे मी सासूबाईंना वाचून दाखवणार आहे, आणि त्यानंतरच उत्तर कळवणार आहे.