अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत?

धागालेखिका (परिचारिका, शिवाजीनगर):
२२ मार्च २०२० रोजी पुणेकरांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्याचे मोल मला आहे. परंतु कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये मी ज्या खासगी रुग्णालयात होते, तिथे व्हेंटिलेटरवरील चार रुग्णांमागे एकच सिस्टर असे. श्वास सुधारावा म्हणून अशा रुग्णाला पालथे करताना एकीने डोक्याशी उभे राहून श्वासनलिकेतील नळी धरायची आणि बाकी तिघी-चौघींनी सलाइनच्या व लघवीच्या नळ्या सांभाळत त्याला एका दमात वळवायचे असते. नेमके तेव्हाच पलीकडच्या रुग्णाच्या पंपातील रक्तदाबाचे औषध संपत आल्याचा अलार्म वाजतो, गॉगलवर वाफ धरलेली असते आणि हात सोडता येत नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हे प्रमाण कायद्याने बंधनकारक व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (डॉक्टर, हडपसर, लहान रुग्णालय चालवतो):
सिस्टर, तुमचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत, तरीही मी असहमत आहे. हा कायदा तेव्हा असता, तर आम्हाला खाटा बंद ठेवाव्या लागल्या असत्या. नातेवाईक गावभर व्हेंटिलेटर शोधत फिरत असताना चौथ्या रुग्णाला दारातून परत पाठवायचे होते का? शिवाय शासनाने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता खाटेला दिवसाला ९,००० रुपये मिळत. त्यात एकास एक परिचारिका बसत नाही.

प्रतिसाद (निवृत्त मेट्रन, येरवडा):
डॉक्टर, माणसे ऐन वेळी मिळाली नाहीत, कारण ती आधी टिकवली नव्हती. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये कोरोना रुग्णांसाठी तात्पुरते जम्बो रुग्णालय उभे राहिले, पण व्हेंटिलेटर हाताळणारी परिचारिका काही आठवड्यांत घडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नेमायला लावलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन सुचवले होते. ते किती ठिकाणी मिळते, हे आपण दोघेही जाणतो.

डॉक्टर:
वेतनाचा मुद्दा मला मान्य आहे. कायद्याचा नाही, कारण दंड लहान रुग्णालयांनाच बसेल.

धागालेखिका:
मग आणीबाणीपुरती सवलत कायद्यातच ठेवावी. मात्र प्रत्येक पाळीत कोणाकडे किती रुग्ण होते, याची लेखी नोंद ठेवून ती महापालिकेला कळवणे सक्तीचे करावे. आज ती नोंद नसल्यामुळे रुग्ण दगावला की चौकशी सिस्टरची होते, आणि तिच्याकडे चार रुग्ण कोणी सोपवले, हे कोणी विचारत नाही.