मदत हवी आहे: पाचही स्वर एकेकदाच येणारे लांब इंग्रजी शब्द, मराठी अर्थासह

मंडळी, सोमवारपर्यंत चार शब्द हवेत.

लेक आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. बाईंनी प्रकल्प दिलाय: ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात येतात आणि प्रत्येक एकदाच येतो, असे पंधरा इंग्रजी शब्द. किमान दहा अक्षरं. शेवटी एलवाय, ईडी किंवा आयएनजी चिकटवून लांबवलेला शब्द बाद. शिवाय मराठी अर्थ, जमल्यास एका शब्दात. (सगळं देवनागरीत लिहितेय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा. स्पेलिंग मनात मांडून बघा, नाहीतर प्रिकॉशनमधला यू सापडायचा नाही.)

गेला आठवडाभर मुलुंडहून स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं की माझं हेच चाललंय. वाण्याच्या बिलामागे शब्द खरडायचा आणि एकेक स्वर खोडत जायचं. पहिल्यांदा एज्युकेशन सुचतो. नऊच अक्षरं! न्यूमोनिया, तोही नऊ. दहाची अट घालणाऱ्याने नेमकी दुखरी नस पकडलीय.

आत्तापर्यंत अकरा जमलेत. रेग्युलेशन, प्रिकॉशन, पर्स्वेजन आणि एक्झॉशन यांना प्रत्येकी दहा अक्षरं. नियमन, खबरदारी, मनधरणी आणि दमणूक. अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील, ओट्यावरच्या फिल्टरवर यूव्ही लिहिलेलं असतं तेच. मेन्स्युरेशनला दहावीच्या भूमितीत महत्त्वमापन म्हणतात. टँबरीनला खंजिरी लिहिलंय, तुकडोजी महाराजांच्या हातातली दाखवली की पोरीला लगेच कळलं.

कॉलिफ्लॉवरचा अर्थ तिने ‘फ्लॉवर’ लिहिला, तर बाईंनी लाल पेनाने ‘मराठी?’ विचारलं. आता फुलकोबी लिहिलंय. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे कोणी फुलकोबी मागितल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

मला सगळ्यात आवडलेली जोडी मात्र ग्रिगेरिअस आणि अनसोशेबल. दोन्ही दहा अक्षरी, दोन्हींत पाचही स्वर, अर्थ एकमेकांच्या उलट, आणि मराठीत त्यांना तशीच जोडी तयार: माणूसवेल्हाळ आणि माणूसघाणा. हे सुचलं तेव्हा मी घाटकोपरला एकटीच हसले.

अकरावा अ‍ॅबस्टेमिअस. यात स्वर ए, ई, आय, ओ, यू असे ओळीनेच येतात, म्हणून बाई दुप्पट गुण देणार आहेत. अर्थ मिताहारी लिहू का? मला तो तोकडा वाटतो. ओळीने स्वर असलेला दुसरा शब्द फसीशस, पण तो एका अक्षराने हुकला आणि एलवाय लावायची सोय नाही. तरी त्याचा मराठी शब्द मला हवाच आहे. पावसात कुर्ल्याला गाडी अडकलेली, सगळे वैतागलेले, आणि एक जण ‘मोटरमन भज्या खायला गेला’ म्हणतो, तो माणूस. पाचकळ म्हणू का?

डिस्करेज्ड आणि कम्युनिकेटेड बाईंनी ईडीमुळे उडवले. एन्करेजिंगही गेला.

प्रतिसाद १
ताई, शेवटचा डी खोडा की! डिस्करेज उरतो, मोजा, बरोबर दहा. कम्युनिकेट अकरा. दोन्हींत पाचही स्वर शाबूत. एन्करेजला मात्र ही युक्ती चालणार नाही, त्यात ई दोनदा येतो. पहिल्याचा अर्थ नाउमेद करणे, दुसऱ्याचा कळवणे.

प्रतिसाद २
मिताहारी अर्धाच आहे. अ‍ॅबस्टेमिअसच्या मुळाशी लॅटिन टेमेटम आहे, म्हणजे कडक दारू, तिच्यापासून लांब राहणारा तो. इंग्रजीत आता खाणं आणि पिणं दोन्ही धरतात. ‘बेताने खाणारा-पिणारा’ लिहा, एक शब्द नसला तरी चालेल. आमचे बंधुराज गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून गणपतीपर्यंत अ‍ॅबस्टेमिअस असतात.
फसीशसला पाचकळ नको. पाचकळ विनोद वाईट असतो. फसीशस माणसाचा विनोद बरा असेलही, वेळ चुकलेली असते. टवाळ जवळचा.

प्रतिसाद ३
दोन माझ्याकडून. सबकॉन्टिनेन्टल, चौदा अक्षरं, आणि गंमत म्हणजे स्वर उलट्या क्रमाने: यू, ओ, आय, ई, ए. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात इथल्या खेळपट्ट्यांना म्हणतात तो. अर्थ उपखंडीय. बाईंना विचारा, उलट्या क्रमाला किती गुण?
दुसरा इम्पॉर्च्युनेट, अकरा अक्षरं. मागेच लागलेला, नाही म्हटलं तरी न हलणारा. मराठीत लोचट.
अनकॉम्प्लिमेन्टरीही उलट्या क्रमाचाच, पंधरा अक्षरी. राखीव खेळाडू म्हणून ठेवा.

मूळ धागाकर्ती
झाले की पंधरा! डी खोडायचं मला सुचू नये? आठवडाभर बिलामागे खोडतच होते. उलट्या क्रमाचं लेक उद्या विचारणार आहे, बाई हो म्हणाल्या तर राखीव खेळाडूही उतरवू. टवाळ आमच्या घरात मंजूर झालाय. लोचटपुढे तिने उदाहरण म्हणून धाकट्या भावाचं नाव लिहिलंय, ते आता खोडायला लावतेय.