मदत हवी आहे: गॅरेजमध्ये 5 एस लावलं, तरी गाड्या वेळेवर जात नाहीत

पाना_बारा_तेरा
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. कराडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आधी चार वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये होतो. 5 एस (नको ते काढून प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), कानबान (संपेल तसाच माल मागवायची खूण) तिथे अंगवळणी पडलेलं. तेच इथे लावलं. प्लायवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, दोन पोती भंगार काढलं. आता पाना शोधावा लागत नाही. पण संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी तिसऱ्या दिवशी जाते. काल एक शिक्षिका तिसऱ्यांदा हेलपाटा घालून परत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कुठे चुकतंय? लवकर सांगा.

कृष्णाकाठ
माणसं किती, रॅम्प किती, रोज गाड्या किती? काहीच लिहिलं नाहीत.

रोकडा_हिशोब
पगार बंद करा आणि गाडीमागे पैसे द्या. आमच्या वॉशिंग सेंटरला पहिल्याच आठवड्यात फरक पडला.

कृष्णाकाठ
वॉशिंगचं चालेल, दुरुस्तीचं नाही. गाडीमागे पैसे म्हटले की सोपी गाडी आधी ओढतात आणि इंजिनचं काम कोपऱ्यात पडून राहतं. भावाच्या गॅरेजात मिस्त्रीने जुनेच ब्रेक शू पॉलिश पेपरने घासून परत बसवले होते. ब्रेकचा खेळ नको.

निवृत्त_पर्यवेक्षक
हे 5 एस, कानबान ज्यात येतं ती टोयोटाची 'लीन' पद्धत म्हणजे माणसं कमी करायचं गोड नाव. आमच्या कारखान्यात आधी पिवळे पट्टे आले, मग कंत्राटी कामगार गेले. त्या पोरांचे चेहरे अजून आठवतात. तुमच्या हेल्परला हे काय आहे ते विश्वासात घेऊन सांगा.

लेथ_ते_लॅपटॉप
काका, तुमच्याकडे तसं झालं असेल, पण मूळ पद्धत ती नव्हे. टोयोटात साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार असतो. ज्याला दोष दिसतो त्याचं आधी ऐकायचं, हा तिचा पाया आहे.

संथ_स्कूटर
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझी 110 सीसी स्कूटर 35 च्या वर मायलेज देत नाही. ऑइल बदलून पाहिलं. काय करू?

लेथ_ते_लॅपटॉप
टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघा. बाकीचं वेगळ्या धाग्यात.

पाना_बारा_तेरा
रॅम्प दोन. मी, एक मिस्त्री, एक हेल्पर. रोज सहा गाड्या येतात, साधारण सहाच जातात. आत्ता दुकानात 15 उभ्या आहेत.

लेथ_ते_लॅपटॉप
हे आधी लिहायचं होतंत, उत्तर त्यातच आहे. 15 ला 6 ने भागा: अडीच दिवस. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम आहे हा. मिस्त्रीने हात कितीही भरभर चालवला तरी 15 गाड्या आत आणि रोज 6 बाहेर, तोवर सरासरी अडीच दिवसच. त्या 15 पैकी खोललेल्या किती? आणि कशासाठी थांबल्यात?

डबा_वेळेत
मुंबईचे डबेवाले बघा! शंभर वर्षांहून जास्त काळ डब्यावरच्या खुणांवर चालतंय. प्रत्येक गाडीला रंगीत खूण करा.

कृष्णाकाठ
डब्याला कुठून कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असतं. गाडीत काय निघेल ते खोलल्याशिवाय कळत नाही. खरी अडचण तीच आहे.

पाना_बारा_तेरा
आत्ता फिरून मोजलं. नऊ खोललेल्या! चार स्पेअरसाठी, तीन गिऱ्हाईक फोन उचलत नाही म्हणून, दोन बोअरसाठी (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) लेथवाल्याकडे. दोन स्कूटरच्या पॅनेलचे स्क्रू हेल्परने एकाच डबीत टाकलेत, ते निवडण्यातच अर्धा तास जाणार. शिक्षिकाबाईंची गाडी क्लच केबलसाठी अडली आहे. दीडशे-दोनशे रुपयांची केबल!

लेथ_ते_लॅपटॉप
सापडलं. टोयोटाची ही पद्धत घडवणाऱ्या ताइची ओनो यांनी सात अपव्ययांत (वाया जाण्याच्या सात प्रकारांत) सगळ्यात वाईट मानलं ते अतिउत्पादन. गॅरेजात ते म्हणजे गरजेआधी खोललेली गाडी. काम चालू दिसतं, पण जागा अडते, स्क्रू हरवतात आणि गिऱ्हाईक पायी. सकाळी गाडी घेताना गिऱ्हाईक समोर असतानाच दहा मिनिटं तपासा, एक चक्कर मारा, खर्च सांगून होकार घ्या. स्पेअर हातात आल्याशिवाय पाना लावू नका. एका वेळी खोललेल्या गाड्या तीनच: रॅम्पवर दोन, खाली एक. क्लच केबल, ब्रेक शू, प्लग, फिल्टर दोन-दोन डब्यांत ठेवा; पहिला डबा रिकामा झाला की तोच दुकानदाराकडे पाठवा. चाकणला केलेलं कानबान हेच.

रोकडा_हिशोब
तीनच खोलल्या तर मिस्त्री रिकामा बसेल. पगार कोण देणार?

लेथ_ते_लॅपटॉप
बसू द्या पंधरा मिनिटं. माणूस थांबला तर लगेच दिसतो, गाडी थांबली तर कुणाला दिसत नाही.

कर_सल्ला
जीएसटी नोंदणी केली आहे का? उलाढालीवर लक्ष ठेवा.

पाना_बारा_तेरा
आठ दिवसांनी लिहितोय. नवीन गाडी खोलणं दोन दिवस बंद ठेवून आधी जुन्या काढल्या. मिस्त्री चिडला होता. आता तोच फळ्यावर खोललेल्या गाड्यांचा आकडा लिहितो. आज रात्री दुकानात पाच गाड्या, खोललेल्या तीन. शिक्षिकाबाईंची गाडी मीच घरी पोचवली. पण त्या तिनातल्या दोन बोअरच्याच आहेत, लेथवाला चार दिवस लावतो. त्या धरल्या तर जागा एकच उरते. काय करू?

कृष्णाकाठ
बोअरच्या गाड्या मोजणीतून काढा, मागच्या भिंतीला वेगळी रांग करा. पण तिथेही दोनच. तिसरी आली तर लेथवाल्याची तारीख घेतल्याशिवाय इंजिन उतरवू नका.